हसायला सोपा माणूस

दाताच्या डॉक्टरचा विनोद अजून पुष्कळांना आठवत असेल. पंतप्रधान खुर्चीत बसलेत आणि डॉक्टर हात जोडून म्हणतोय, "सर, निदान इथं तरी तोंड उघडा." त्याच्याच मागोमाग दुसरा यायचा. सभा सुरू होण्याआधीची सूचना, "कृपया आपापले मोबाइल मनमोहन सिंग मोडवर ठेवावेत." 2011 नंतरच्या दोन-तीन वर्षांत हे दोन्ही विनोद ज्याच्याकडे पोचले नाहीत असा मोबाइलवाला शोधून सापडला नसता. आमच्या बँकेच्या शाखेत डबे उघडले की कुणीतरी ते मोठ्यानं वाचायचं, आणि ज्यांना ते सकाळीच येऊन गेलेले असत तेही हसायचे. मीही हसायचो. डॉक्टरचा विनोद मला आजही चांगला वाटतो. एका ओळीत माणूस, जागा आणि तक्रार, तिन्ही बसलंय.

माझं डोकं अडकतं ते वेगळ्याच ठिकाणी. त्या काळात आम्ही शाखेत बाकी कुणाकुणावर हसत होतो? रीजनल ऑफिसातल्या साहेबांवर हसायचं तर आधी दाराकडे बघून. गावातल्या आमदारावर त्याचा माणूस काउंटरला नसताना. जिल्हा बँकेच्या संचालकांवर तर बोलायचंच नाही, कारण त्यांचा कोण कुठं बसलेला असेल सांगता यायचं नाही. देशाच्या पंतप्रधानावर मात्र भर दुपारी, ग्राहकांसमोर, मोकळ्या गळ्यानं. हळूहळू मला असं वाटायला लागलं की एखाद्या नेत्यावर किती विनोद होतात यावरून त्याचे दोष मोजायला जाऊ नये. लोकांना त्याची भीती किती वाटते, एवढाच हिशेब त्यातून निघतो.

मनमोहन सिंगांची कुणालाच भीती वाटत नव्हती. हे त्यांच्या बाजूनं मोठं प्रशस्तिपत्र आहे आणि त्यांच्या विरोधातलं मोठं कलमही आहे, आणि त्या दोन्हींची सरमिसळ आपण गेली वीस वर्षं करत आलो आहोत.

व्यंगचित्रकाराच्या बाजूनं बघितलं तर हा माणूस तसा अवघडच. इंदिरा गांधींचं नाक होतं, नरसिंह रावांचा पुढं काढलेला ओठ होता, लालूंचे केस होते. मनमोहन सिंगांचा चेहरा दाढी, चष्मा आणि पगडी यांनीच व्यापलेला. मग पगडी हाच चेहरा झाला. आकाशी निळी. तो निळा केंब्रिजचा. 2006 मध्ये केंब्रिजनं त्यांना मानद पदवी दिली तेव्हा विद्यापीठाचे कुलपती प्रिन्स फिलिप यांनी लोकांना म्हटलं होतं, यांच्या पगडीचा रंग बघा. ज्या विद्यापीठात शिकलो त्याचा रंग या गृहस्थांनी आयुष्यभर डोक्यावर वागवला. आपल्याकडे मात्र त्या पगडीखाली चित्रकार तोंडच काढेनासे झाले. चष्म्याखाली थेट दाढी. किंवा मग हातापायांना दोऱ्या, आणि दोऱ्यांचं दुसरं टोक चौकटीच्या वर, साडीचा काठ दिसेल इतपत. पहिल्यांदा ते चित्र कुणी काढलं त्याला दाद दिली पाहिजे. शंभराव्यांदा काढणाऱ्याला कशाबद्दल द्यायची?

बँकेतल्या माणसाला हे नाव पंतप्रधान होण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं, ते नोटांमुळे. ते वित्त खात्याचे सचिव असताना एक रुपयाच्या नोटेवर त्यांची सही होती. पुढे 1982 ते 1985 रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणून मुंबईत होते तेव्हा वरच्या नोटांवर आली. आमचे जुने हेड कॅशियर फाटक्या नोटांचा गठ्ठा हातावेगळा करताना म्हणायचे, "हा माणूस सही करतो तिथंच बोलतो." ही 1991 च्या आधीची गोष्ट. ते बोलणं टिंगलीचं नव्हतं. कमी बोलणारा अधिकारी ही त्या पिढीच्या लेखी कौतुकाचीच बाब होती. तेच मौन राजकारणात आल्यावर व्यंग ठरलं. माणूस तोच राहिला होता, फक्त त्याच्याकडून करायच्या अपेक्षा बदलल्या होत्या, आणि त्या बदलल्या हे बरोबरच होतं. सचिवानं फाईलवर बोलावं, पंतप्रधानानं लोकांशी.

नेत्याच्या टवाळीला आपल्याकडे एक जुनी, दिलदार परंपरा आहे असं आपण भाषणांत ऐकतो. तशी ती आहेही. 1948 मध्ये व्यंगचित्रकार शंकर यांचं 'शंकर्स वीकली' सुरू झालं त्याचं उद्घाटन नेहरूंनी केलं आणि शंकर यांना सांगितलं, मलाही सोडू नकोस. 13 ऑगस्ट 1960 ला बाळ ठाकरे यांचं 'मार्मिक' निघालं तेव्हा उद्घाटनाला मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते. ज्याची टोपी उडवायची त्याच्याच हस्ते नारळ, ही पद्धत मला फार आवडते. वगात सोंगाड्या राजाच्या तोंडावर बोलतो, मागून नाही. राजालाही ते ठाऊक असतं आणि तो बसून राहतो. पण हेही सांगायला हवं की 'शंकर्स वीकली' 1975 मध्ये, आणीबाणीत, बंद झालं आणि निरोपाच्या लेखात शंकर यांनी लिहिलं की हुकूमशाहीला हसणं परवडत नाही. नेहरूंच्या मुलीच्या राज्यात हे लिहायची वेळ आली. परंपरा एका पिढीतही मोडते.

शंकर किंवा लक्ष्मण यांची जुनी चित्रं चाळली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. चित्रातला नेता काहीतरी करत असतो. बिल मांडतोय, खड्डा ओलांडतोय, परदेशातून येतोय, कुणाला तरी मागच्या दारानं बाहेर काढतोय. मोबाइलवरच्या विनोदातला मनमोहन सिंग काहीच करत नाही. तो नुसता असतो. न बोलणारा, पगडीवाला, बिचारा. टीका करायची तर आधी तो काय करतोय ते बघावं लागतं, वाचावं लागतं. असण्यावर हसायला काही वाचावं लागत नाही.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण दोन शब्दांचं आहे. दिल्लीत 16 डिसेंबर 2012 च्या रात्री चालत्या बसमध्ये त्या मुलीवर अत्याचार झाला. देश पेटला. रायसीना हिल आणि इंडिया गेटवर पोरंपोरी थंडीत उभी, त्यांच्यावर पाण्याचे फवारे, लाठ्या. आठवडा उलटून गेल्यावर, 24 तारखेला सकाळी, पंतप्रधान टीव्हीवर आले. कागदावरून वाचलं, नेहमीच्या बारीक, सपाट आवाजात. तीन मुलींचा बाप म्हणून मलाही तितकंच लागतं, असंही म्हणाले. वाचून संपलं आणि कॅमेऱ्यामागच्या माणसाला त्यांनी विचारलं, "ठीक है?" चित्रीकरण नीट झालं का, एवढाच त्याचा अर्थ. पण ते कापायचं राहिलं आणि तसंच गेलं. तासाभरात देशभर तेच दोन शब्द. पुढे दूरदर्शनच्या कर्मचाऱ्यांवर कारवाई झाल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे शिक्षा झाली ती कात्री विसरलेल्यांना.

आता यात अन्याय होता का? होता. आदल्याच दिवशी न्यायमूर्ती वर्मांची समिती नेमली गेली होती, तिनं महिन्याभरात अहवाल दिला आणि 2013 मध्ये कायदा बदलला. त्या समितीवर कुणी विनोद केला नाही, तसं कौतुकही फारसं केलं नाही. पण त्या दिवशी लोक ज्यावर चिडले होते ते खोटं नव्हतं. आठ दिवस लागले होते. आणि आल्यावर जे ऐकू आलं त्यात राग नव्हता, हेलावणं नव्हतं, कागद होता. न कापलेल्या त्या दोन शब्दांनी भाषणातली कमतरता अशी पकडली की कुठल्याही अग्रलेखाला जमलं नसतं. काहीच ठीक नसताना देशाचा प्रमुख विचारतोय ठीक आहे का. कधीकधी विनोद चुकीच्या दारातून आत शिरतो आणि बरोबर खोलीत पोचतो.

तरीही मला ती सवय खटकतेच. या माणसाचं बोलणं विरून जायचं आणि शेपूट तेवढं हातात राहायचं. ऑगस्ट 2012 मध्ये कोळसा खाणपट्ट्यांवरचा 'कॅग'चा, म्हणजे सरकारचे हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेचा, अहवाल आला, 1 लाख 86 हजार कोटींचा आकडा घराघरात गेला. पंतप्रधानांनी 27 तारखेला संसदेत निवेदन केलं, 'कॅग'चे मुद्दे खोडायचा प्रयत्न केला. घोषणाबाजीत ते कुणाला ऐकूच आलं नाही. बाहेर येऊन त्यांनी पत्रकारांना एक शेर ऐकवला, "हजारों जवाबों से अच्छी है मेरी खामोशी, न जाने कितने सवालों की आबरू रखी." संध्याकाळपर्यंत निवेदन गायब, शेर घरोघर. 3 जानेवारी 2014 च्या पत्रकार परिषदेचंही तेच. भरपूर प्रश्न, भरपूर उत्तरं, आणि लोकांकडे उरलं एकच वाक्य, आजच्या माध्यमांपेक्षा इतिहास माझ्याशी अधिक प्रेमानं वागेल. यातला दोष माध्यमांचाच आहे असं मला म्हणवत नाही. ज्याला दहा वर्षं गर्दीसमोर बोलता आलं नाही, त्याच्या बोलण्यातलं कुठलं वाक्य उचलायचं हे गर्दीच ठरवणार.

आणि कोळशाच्या बाबतीत तो शेर मला तेव्हाही पटला नव्हता. कोळसा खातं मधली काही वर्षं त्यांच्याकडेच होतं. प्रश्नांची अब्रू राखायची जबाबदारी त्यांच्यावर नव्हती, उत्तरं द्यायची होती. सप्टेंबर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 214 खाणपट्ट्यांचं वाटप रद्द केलं. त्यात आधीच्या सरकारांच्या काळातलेही होते हे खरं, पण बाकी सगळ्यांच्या मौनावर कुणी शेर रचला नव्हता.

विदर्भातल्या माणसाकडे मात्र मनमोहन सिंगांचं एक वेगळं चित्र आहे, किंवा असायला हवं होतं. मी तेव्हा वर्धा जिल्ह्यात होतो. 2006 च्या जूनअखेरीस पंतप्रधान इकडे आले. कापसाच्या पट्ट्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबत नव्हत्या. वायफडसारख्या गावात ते लोकांना भेटले, आणि 1 जुलैला नागपुरात 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी. त्यातला जो भाग आमच्या टेबलावर आला तो थकीत कर्जावरच्या व्याजाचा, 712 कोटींचा. व्याज माफ, मुद्दलाचं पुनर्गठन, म्हणजे शेतकरी कागदोपत्री नव्या कर्जाला पात्र. कल्पना वाईट नव्हती. थकबाकीदाराला बँकेचं दार बंद, म्हणून तो सावकाराकडे, आणि सावकाराकडे गेला की संपला, हे चक्र कुठंतरी तोडायला हवंच होतं.

पेरणी डोक्यावर होती. लोक रांगा लावून आले. माझ्यासमोर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे साहेब, व्याज तुमी सोडलं. मुद्दल आमच्या डोक्शावरच?" मी म्हटलं, हो बाबा, पण हप्ते पाडून. तो म्हणाला, "मंग हप्ते पाडून मरा म्हना." रागावून नाही, हसून. बाजूचेही हसले. मी सात-बारा मागितला.

पॅकेजात सिंचन होतं, बियाणं होतं, आणि गाई होत्या. जोडधंदा म्हणून जास्त दूध देणाऱ्या संकरित गाई अर्ध्या किमतीच्या अनुदानावर वाटायच्या होत्या. दिल्लीत बसून बघितलं तर यात खोट काढायला जागा नाही. कापूस बुडाला तर दूध आहे. इकडे कोरडवाहू, चाऱ्याची मारामार, पाणी बायकांनी डोक्यावरून आणायचं, दूध संकलनाची सोय नाही. जर्सीच्या जातीच्या गाईला लागतं ढेप, हिरवा चारा, सावली, डॉक्टर. घरातली माणसं खात नाहीत तेवढं ती खाते. थोड्याच दिवसांत बातम्या यायला लागल्या की लोक गाई विकतायत, कुणी कुणाला सांभाळायला देऊन टाकतायत. तोच म्हातारा पुढच्या हंगामात आला तेव्हा मी विचारलं, गाय मिळाली का. तो म्हणाला, "भेटली होती. परत केली. तो सरदारजी अर्थशास्त्राचा मोठा मास्तर हाये म्हन्ते. पन गाय रोज किती खाते, ते त्यानं मांडलंच नाही."

मनमोहन सिंगांवर ऐकलेला हा सगळ्यात चांगला विनोद. यात पगडी नाही, मौन नाही, दोऱ्या नाहीत. माणसानं काय केलं ते आहे, आणि जिथं त्याची ख्याती तिथंच बोट आहे. शंकर यांनी यावर एका बैठकीत चित्र काढलं असतं. आपल्या मराठी वर्तमानपत्रांतही अशी काही चित्रं आली, पण ती मोबाइलवर फिरली नाहीत. फिरायला गाईपेक्षा दाताचा डॉक्टर बरा. तो कुठल्याही जिल्ह्यात चालतो.

दोन वर्षांनी, 2008 च्या अर्थसंकल्पात, देशभराची कर्जमाफी आली. तिच्या निकषांत पाच एकरांच्या आतलाच शेतकरी पुरता बसत होता. वऱ्हाडात कोरडवाहू आठ-दहा एकर असूनही कंगाल असलेली माणसं ढिगानं. तीही पुन्हा काउंटरवर आली. असो, तो वेगळा लेख होईल.

भीतीबद्दल म्हणत होतो. 2012 हे साल या दृष्टीनं बघण्यासारखं आहे. 'टाइम' नियतकालिकानं त्यांना मुखपृष्ठावर घेऊन कुवतीपेक्षा कमी करून दाखवणारा पंतप्रधान ठरवलं, आपल्याकडे विनोदांना ऊत आला, आणि दिल्लीहून कुणावर खटला भरला गेला नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोलकात्यात एका प्राध्यापकाला ममता बॅनर्जींवरचं व्यंगचित्र पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. मे महिन्यात शंकर यांचं 1949 मधलं, राज्यघटनेची गोगलगाय दाखवणारं जुनं चित्र अकरावीच्या पुस्तकात आहे म्हणून संसदेत गदारोळ झाला. त्या चित्रात बाबासाहेबांमागं चाबूक घेतलेले नेहरू होते, दुखावलेल्यांचं म्हणणं समजून घेण्यासारखं होतं, पण त्या पुस्तकाचे सल्लागार असलेल्या सुहास पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली ती समजून घेण्यासारखी नव्हती. सरकारनं चित्र काढून टाकण्याचं आश्वासन देऊन टाकलं. सप्टेंबरमध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदीला मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली, राज्य काँग्रेस-राष्ट्रवादीचं. नोव्हेंबरमध्ये शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर मुंबई बंद का, एवढं फेसबुकवर विचारल्याबद्दल आणि ते 'लाइक' केल्याबद्दल पालघरच्या दोन मुलींना पोलिसांनी नेलं. ज्या माणसाच्या नावानं हे झालं तो आयुष्यभर कुंचल्यानं लोकांच्या टोप्या उडवत आला होता. या प्रकरणातूनच पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या 66-अ कलमाचा खटला उभा राहिला आणि 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कलम रद्द केलं.

म्हणजे हसण्याचं स्वातंत्र्य तेव्हा देशात सगळीकडे सारखं पसरलेलं होतं असं मुळीच नाही. ते एका माणसाभोवती दाटलेलं होतं. आज परिस्थिती काय आहे ते मी सांगायला नको. मार्च 2025 मध्ये विनोदवीर कुणाल कामरानं मुंबईत खारच्या हॅबिटॅट स्टुडिओत एकनाथ शिंद्यांवर, नाव न घेता, म्हटलेलं गाणं बाहेर आलं, तर शिवसैनिकांनी तो स्टुडिओ फोडला आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेचं पथक हातोडा घेऊन पोचलं. त्याच्या महिनाभर आधी तमिळ नियतकालिक 'विकटन'चं संकेतस्थळ पंतप्रधान मोदींच्या व्यंगचित्रावरून बंद केलं गेलं आणि प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं. पक्ष कुठलाही घ्या. पण आमच्या पेन्शनरांच्या ग्रुपवर, जिथं दाताच्या डॉक्टरला रोज हजेरी असायची, तिथं अ‍ॅडमिननं आता ठळक अक्षरांत लिहून ठेवलंय, राजकीय विनोद टाकू नयेत.

मनमोहन सिंगांना विनोद कळत नव्हता, असं मात्र कुणी म्हणू नये. मार्च 2011 मध्ये लोकसभेत सुषमा स्वराज यांनी, काफिला का लुटला गेला ते सांगा, अशा अर्थाचा शेर त्यांच्यावर फेकला. हे उठले आणि इक्बालचा एक शेर वाचला, मी तुझ्या दर्शनाच्या लायकीचा नसेन, पण माझी ओढ बघ, माझं वाट बघणं बघ. सुषमाताईंच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, बाकं वाजली. हिंदी भाषणं ते उर्दू लिपीत लिहून आणत, हे त्या क्षणी कळतं. आणि 2018 मध्ये आपल्या लेखनाच्या खंडांच्या प्रकाशनाला ते म्हणाले की लोक मला अपघातानं झालेला पंतप्रधान म्हणतात, पण मी अर्थमंत्रीही अपघातानंच झालो. 1991 मध्ये नरसिंह रावांनी आधी रिझर्व्ह बँकेचे जुने गव्हर्नर आय. जी. पटेल यांना विचारलं होतं आणि त्यांनी नाही म्हटलं, ते हे सांगून टाकत होते. स्वतःवरचा शिक्का उचलून आणखी एका जागी मारला. त्याच भाषणात, पत्रकारांशी बोलायला घाबरणारा पंतप्रधान मी नव्हतो, असाही एक टोला होता. ऐकणारे कुणाकडे बघून हसले ते सांगायला नको.

त्यांच्यावरचं सगळ्यात न्याय्य व्यंग मात्र त्यांनी स्वतः ओढवून घेतलं होतं असं मला वाटतं. 27 सप्टेंबर 2013. दोषी लोकप्रतिनिधींना वाचवणारा वटहुकूम त्यांच्या मंत्रिमंडळानं मंजूर केलेला, आणि ते स्वतः अमेरिकेत, ओबामांच्या भेटीला. इकडे दिल्लीत प्रेस क्लबमध्ये राहुल गांधी आले आणि म्हणाले, हा निव्वळ मूर्खपणा आहे, फाडून फेकून द्यायला हवा. वटहुकूम वाईट होता, तो मागे घेतला गेला हे चांगलंच. पण त्या दिवशी जगातल्या कुठल्याही पंतप्रधानानं राजीनामा दिला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. मी राजीनामा द्यावा असं वाटतं का, असं त्यांनी तिथं विचारलं होतं, हे नियोजन आयोगाचे तेव्हाचे उपाध्यक्ष माँटेकसिंग अहलुवालियांनी नंतर लिहिलं, आणि माँटेकसिंगांनी नको म्हटलं. दोऱ्यांचं चित्र मला एरवी आळशी वाटतं, पण त्या आठवड्यापुरतं ते छायाचित्र होतं. आमच्या ठेवी विभागातल्या बाई, ज्यांनी कधी राजकारणावर तोंड उघडलं नाही, त्या दिवशी म्हणाल्या, "एवढा शिकलेला माणूस, घरी तरी जायचं ना."

26 डिसेंबर 2024 ला रात्री दिल्लीच्या एम्समध्ये ते गेले. वय 92. त्या रात्री माझ्या फोनवर जे यायला लागलं ते बघून मी थक्क झालो नाही, पण मजा वाटली. मौन आता शालीनता झालं होतं. बारीक आवाज म्हणजे संस्कार. पगडीवरही कुणीतरी कविता केली. मारुती 800 ची गोष्ट तर चार ठिकाणांहून आली. पंतप्रधानांच्या सुरक्षापथकातले तेव्हाचे अधिकारी असीम अरुण, जे आता उत्तर प्रदेशात भाजप सरकारात मंत्री आहेत, त्यांनी लिहिलं होतं की बीएमडब्ल्यूत बसायला निघालेले डॉक्टरसाहेब दारातल्या आपल्या मारुतीकडे बघून म्हणायचे, माझी गाडी तर ही. गोष्ट सुंदर आहे आणि सांगणाऱ्याचा पक्ष बघता अधिकच. पण ती पुढे ढकलणाऱ्यांत असे किती होते ज्यांनी दहा वर्षांपूर्वी मोबाइल मोड ढकलला होता? मी नावं मोजत बसलो नाही. तीच माणसं, तोच अंगठा. तेव्हाही त्यांना मनमोहन सिंगांचं असणंच दिसत होतं आणि आताही. अणुकरार, रोजगार हमी, माहितीचा अधिकार, कोळसा, वटहुकूम, यातलं काहीच ना त्या विनोदांत होतं, ना या श्रद्धांजल्यांत.

मला राहवलं नाही. आमच्या जुन्या शाखेच्या ग्रुपवर, मारुतीच्या गोष्टीखाली, मी त्या म्हाताऱ्याचं गाईचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. एकानं लगेच हात जोडले आणि लिहिलं, "भाऊ, आज तरी नको." मी म्हटलं, बरोबर आहे. दहा मिनिटांनी दुसऱ्याचा प्रश्न आला, "पण हे गाईचं काय प्रकरण होतं?"

विचारणारा 2006 मध्ये पीककर्जाच्या टेबलावर होता. माझ्या शेजारीच बसायचा.